पूजेला बसलेला कॉम्प्युटर

भावानं बंगळुरूहून तो डबा पाठवला तेव्हा मला आनंदबिनंद काही झाला नाही, डोक्यात तिडीक गेली. काळा, जाड शब्दकोशाएवढा, समोर चार निळे दिवे. घरातल्या सगळ्यांच्या सगळ्या फाइली म्हणे त्यात मावतात. सोबत फोन आला, "अक्का, फक्त राउटरला जोड, बाकी आपोआप होतं." याचं 'आपोआप' मी चांगलं ओळखून आहे. गीझरही असाच आपोआप बसणार होता, आणि प्लंबरच्या मागे आठवडाभर मी धावले होते.

डबा मागवला होता मात्र मीच. अप्पांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या, कॉम्प्युटरमधून आवाज यायला लागला होता. कोणी आतून नखानं पत्रा टोकरावा तसा टक्, टक्, मग जरा थांबून पुन्हा टक्. दुकानातला माणूस घरी आला, कान लावून ऐकलं आणि हात मागे घेतला. म्हणाला, "हार्ड डिस्क जातेय. मी काढायला गेलो आणि फिरायची थांबली तर मला बोलायचं नाही. आत काय आहे ते आधी कुठंतरी उतरवून घ्या." चहा न घेता गेला तो.

आत काय आहे, हे त्याला काय सांगणार? आत अप्पा आहेत.

अप्पा तिरुवैयारूच्या शाळेत गणित शिकवायचे. निवृत्तीनंतर उजवा हात थरथरायला लागला, खडू तर सुटलाच होता, पेनही सुटलं. तेव्हा भावानं त्याचा जुना कॉम्प्युटर आणि एक माइक आणून दिला. तीच ती जुनी विंडोज, पडद्यावर हिरव्या टेकडीचं चित्र असलेली. मग रोज संध्याकाळी अप्पा माइकसमोर बसून दिवसभरात काय काय झालं ते बोलायचे. सगळी हयात तमिळ शाळेत गेली, पण माइकसमोर मराठीच. तीही आमची तंजावरची. पुण्याच्या पाहुण्यांनी ऐकली की आधी हसतात आणि मग तिसरं वाक्य आलं की चाचपडायला लागतात. बसमध्ये कोण भेटलं, कोणाच्या मुंजीत पायसात साखर कमी होती, कावेरीला पाणी सुटलं की नाही. कॉम्प्युटरच्या आतला बटणासारखा सेल केव्हाच मेला होता, त्यामुळे कॉम्प्युटर बंद झाला की प्रत्येक वेळी त्याचं घड्याळ वीसेक वर्षं मागे जायचं. म्हणून अप्पा आधी वार आणि तिथी सांगायचे, मग खाकरायचे आणि मग सुरू.

ते गेले त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून आई रोज दुपारी चार वाजता कापीचा डबरा, म्हणजे कॉफीची खोलगट वाटी, घेऊन त्या कॉम्प्युटरसमोर बसते आणि त्यातलं एक रेकॉर्डिंग लावते. मी पापनाशमच्या तालुका कचेरीत हेडक्लार्क. बसनं घरी यायला मला सहा वाजतात, त्यामुळे बरेच दिवस हे मला ठाऊकच नव्हतं. एकदा लवकर सुटले. दाराबाहेर चपला काढतेय तर आतून अप्पांचा आवाज, "रसांत मीठ नव्हतें आज." आणि लगेच आईचा, "डॉक्टरानें काय सांगितलें तें विसरलांत कां? घालीन उद्यां चिमूटभर." मी परत चपला घातल्या, कोपऱ्यावर गेले आणि कढीपत्ता घरात असतानाही विकत घेऊन आले.

त्यानंतर सुट्टीच्या दिवशीसुद्धा चार वाजता मी त्या खोलीकडे फिरकले नाही. ते दोघांचं होतं. माझ्याशी आई मराठी बोलते, मी निम्मी उत्तरं तमिळमध्ये देते. बंगळुरूच्या सुनेशी तिचं सगळं तमिळमध्येच, आणि नातवाला समजतं सगळं पण तोंडातून मराठीचा शब्द फुटत नाही. पोटभर मराठीत भांडायला तिच्याकडे एकच माणूस उरला होता आणि तो त्या खोक्यात होता. ते टक् टक् ऐकून माझी झोप उडाली ती यासाठी.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय, पेनड्राइव्ह लावायचा की! मीही तेच म्हटलं. पेनड्राइव्ह घेऊन बसले, तर तो आत जाईचना. बॅटरी लावून बघितलं आणि कपाळावर हात मारला. आमच्याकडे सरस्वतीपूजेला घरातली पुस्तकं, शिलाईयंत्र, कात्र्या, विळी, सगळं देवीपुढे मांडतात, गंधाकुंकवाचे ठिपके लावतात, आणि त्या दिवशी त्यातल्या कशालाही हात लावायचा नसतो. वाचायचंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी विजयादशमीला पूजा उतरली की मग घ्यायचं हातात. अप्पांचा कॉम्प्युटर दर वर्षी पूजेला बसायचा. आईनं पुढच्या दोन भोकांवर गंध लावायचं, कारण "तेथूनच तें खातें-पितें". अप्पा गणिताचे, पुढच्यांना लावलं आणि मागच्यांना नाही हे त्यांना पटेना, म्हणून ते खोकं फिरवून मागच्याही भोकांना लावायचे. घरी सहाणेवर उगाळलेलं घट्ट चंदन, वर्षानुवर्षं, थरावर थर. सुईनं कोरलं, स्पिरिट लावलं, हेअरपिन मोडली. खोलीभर वास तेवढा सुटला. पेनड्राइव्ह काही ओळखेना.

"सगळी भोकं बुजवून टाकलीस गं!" मी ओरडले.

आई शांतपणे म्हणाली, "इतकी वर्षें चाललें ना तें? त्यामुळेंच चाललें."

सीडीच्या कप्प्याची तर आधीपासूनच दातखीळ बसलेली. राहिली एक वाट, मागच्या बाजूची नेटवर्कची केबल. ती जागा उभट आणि आत दडलेली, तिच्यावर अप्पांची नजर पडली नसावी. केबलनं कॉम्प्युटर राउटरला, राउटर त्या डब्याला, आणि फाइली इकडून तिकडे. भावानं म्हणून तर डबा पाठवला.

नवरात्र लागलं होतं. मी कचेरीतून रजा काढली. बाहेरच्या खोलीत आईनं कोलूच्या, आमच्याकडच्या नवरात्रातल्या आराशीच्या, पायऱ्या मांडून बाहुल्या बसवल्या होत्या, संध्याकाळी शेजारणी सुंडल, हरभऱ्याची खोबरं घातलेली उसळ, खायला यायच्या, आणि आत मी केबली पसरून जमिनीवर बसलेली. पहिल्याच दिवशी करंट गेला. कॉम्प्युटर बंद पडला आणि करंट आल्यावर सुरू होईना. नुसतं टक् टक् टक्. मी बटण दाबतेय, सोडतेय, पुन्हा दाबतेय. बऱ्याच वेळानं ती हिरवी टेकडी उगवली. मी शेजारच्यांकडून त्यांचा इन्व्हर्टर मागून आणला आणि आईला बजावलं, "हे आता अजिबात बंद करायचं नाही. बंद झालं की पुन्हा सुरू होईल याचा भरवसा नाही. आणि चारचं ऐकणंही दोन-चार दिवस राहू दे, त्याला ताण नको."

"बरें," म्हणाली. पण तोंड एवढंसं झालं.

मग सुरू झाला वैताग. कॉम्प्युटरला डबा दिसेचना. पत्ता टाकला की पडद्यावर येई, 'नेटवर्क पाथ सापडला नाही'. कसा सापडत नाही? शेजारी ठेवलाय, हात लांब केला तर लागेल! भावाला फोन केला. त्यानं एक काळी खिडकी उघडायला लावली, तिथं काहीतरी टाइप करून घेतलं, तर डब्याकडून टपाटप उत्तरं आली. म्हणजे केबल ठीक, एकमेकांना ऐकू येतं. तरीही दार बंद. भाऊ म्हणाला, "अक्का, प्रोटोकॉलची भानगड आहे. फाइली शेअर करताना दोन यंत्रं एका ठरावीक पद्धतीनं बोलतात. आपल्या कॉम्प्युटरला फक्त पहिली, जुनी पद्धत येते. डबा नवीन, तो जुन्या पद्धतीनं बोलणाऱ्याला उत्तरच देत नाही. त्यातून व्हायरस शिरतात म्हणून ती बंदच करून पाठवतात."

"मग चालू कर म्हणावं."

"तूच करायचंय. डब्याचं सेटिंग उघड."

डब्याचं पान त्या कॉम्प्युटरवर उघडेना, इतका ब्राउझर जुना. मग माझ्या लॅपटॉपवर उघडलं. सेटिंगांचं जंगल. शेवटी एका कोपऱ्यात 'किमान प्रोटोकॉल' अशी ओळ सापडली, तिथं दोन होतं त्याचं एक केलं. लाल अक्षरांत धमकी आली, असं करणं धोक्याचं आहे, खात्री आहे का? खात्री? माझ्या आईचं चार वाजताचं माणूस टकटक करत मरायला लागलंय आणि हा मला खात्री विचारतोय! दाबलं 'हो'.

आणि दिसला! त्या हिरव्या टेकडीवर डब्याचं नाव उमटलं. मी आईला हाक मारली, ती पिठाच्या हातांनी धावत आली. मी त्यावर क्लिक केलं तर नाव-पासवर्ड विचारला. दिला. नाकारला. पुन्हा दिला, एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत दिला. पुन्हा नाकारला. लॅपटॉपवरून तोच पासवर्ड चालतोय आणि इथं नाही. आई थोडा वेळ उभी राहिली आणि "होईल," म्हणून निघून गेली. मला रडू फुटायचं बाकी होतं.

त्या पासवर्डानं नाकी नऊ आणले. भाऊ म्हणे पासवर्ड पाठवायचीही जुनी रीत आणि नवी रीत असते. कॉम्प्युटरच्या पोटात खोल शिरून एक आकडा बदल. बदलला. तरी नाही. फोनवर आमचं कडाक्याचं भांडण झालं. तो म्हणाला, "अक्का, पोदुम, पुरे झालं. ते फेकून दे. अप्पांचे फोटो आहेत ना आपल्याकडे." मी म्हटलं, "फोटोशी आई भांडेल का रे?" आणि फोन ठेवला. तो काय म्हणाला होता ते मी आईला सांगितलं नाही, पण माझं बोलणं भिंतीपलीकडून तिनं ऐकलं असणार, कारण रात्री तिनं ताट अर्धं टाकूनच उचललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कापी पिता पिता नुसतीच त्या पडद्याकडे बघत होते आणि खाली कोपऱ्यातल्या घड्याळावर नजर गेली. करंट गेल्यापासून ते पुन्हा वीस वर्षं मागे! डबा आजच्या तारखेत आणि कॉम्प्युटर त्याच्या तरुणपणात. मग डब्याला तो खोटारडाच वाटणार. मी तारीख दुरुस्त केली, वेळ दुरुस्त केली, पासवर्ड टाकला. दार उघडलं. मी इतक्या जोरात ओरडले की बाहेर रांगोळी काढणारी शेजारीण आत डोकावली.

पण उतरवून घेणं म्हणजेही तपश्चर्याच. अप्पांचं बोलणं लांबलचक, फाइली अवजड, आणि डिस्क मरणाची हळू. त्यातून त्या जुन्या विंडोजची खोड अशी की हजार फाइलींत एक अडली तरी ती सगळंच काम टाकून देते. म्हणून थोडं थोडं उतरवायचं, अडलेली बाजूला ठेवायची, पुढं सरकायचं. अप्पांनी फोल्डर वर्षावर्षाचे नीट लावलेले, फाइलींना तारखांची नावं दिलेली. मी सगळ्यांत जुन्यापासून सुरुवात केली. कचेरीत इतकी वर्षं मीही तेच करत आलेय, जुनं आधी निकालात, मग नवं. सगळ्यांत शेवटी एक लहानसा फोल्डर होता, अप्पा इस्पितळातून घरी आले तेव्हापासून जाईपर्यंतचा, दीडेक महिन्याचा. तो काय, भात शिजेपर्यंत होईल, म्हणून मी तो शेवटाला ठेवला.

चार वाजले की आई खोलीच्या उंबऱ्यापर्यंत यायची. हातात कापी. "झालें कां?" विचारायची. मी नाही म्हणायची. मग ती तिथंच उंबऱ्यावर बसून कापी प्यायची आणि पडद्यावर सरकणाऱ्या हिरव्या पट्टीकडे बघत राहायची. तिला तसं बसलेलं बघवत नव्हतं मला. "लवकर हो रे बाबा," असं मी त्या पट्टीला किती वेळा म्हणाले असेन.

सरस्वतीपूजेच्या आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत अप्पा इस्पितळात जायच्या आधीची सगळी वर्षं डब्यात आली. मी पाठ टेकली. म्हटलं, उद्या उठल्याबरोबर तो शेवटचा फोल्डर. कॉम्प्युटर चालूच ठेवला. टक् टक् ऐकत झोपले.

सकाळी जाग आली ती शांततेनं. पंख्यासारखी ती घरघर नाही, टक् टक् नाही. धावत गेले. आई न्हाऊन, नऊवारी नेसून, ओल्या केसांची गाठ मारून कॉम्प्युटरपुढे बसली होती. पडदा काळा. कॉम्प्युटरला झेंडूची माळ, आणि ती सहाणेवरचं ताजं गंध बोटानं त्या भोकांवर लावत होती.

"आई! काय केलंस हे?" मी किंचाळले.

ती दचकली. "काय केलें? पूजा आहे आज."

"तुला सांगितलं होतं ना, बंद करायचं नाही म्हणून!"

"तें रोजचें सांगितलेंस," ती म्हणाली. तिला खरंच कळत नव्हतं मी का ओरडतेय. "आज पूजा. आज ते स्वतः बंद करीत. आजच्या दिवशीं कधीं बोलले आहेत कां ते ह्यांत? एका वर्षीं तरी?"

नव्हतेच बोललेले. ते मीही उतरवताना पाहिलं होतं. दर वर्षी त्या एका दिवसाची फाइल नाही. माझा हात बटणाकडे गेला. आईनं मनगट धरलं. तिच्या बोटांचं गंध माझ्या हाताला लागलं. "पूजेंतलें उचलायचें नसतें," ती म्हणाली. "उद्यां उठायचें असेल तर उठेल."

मी हात मागे घेतला. आईचा शब्द मोडवत नव्हता, हे खरं. पण त्याहून खरं म्हणजे मी घाबरले होते. आता दाबलं आणि उठलं नाही तर? तो अख्खा दिवस मी घरभर येरझाऱ्या घालत काढला. वाचायला नाही, लिहायला नाही, लॅपटॉपही आईनं पूजेत नेऊन ठेवलेला. शेजारणी आल्या, सुंडल खाल्लं, कॉम्प्युटरची आरास छान झालीय म्हणाल्या. मला एकेकीला हाकलून द्यावंसं वाटत होतं.

विजयादशमीला आईनं आरती केली, माळ उतरवली आणि माझ्याकडे बघून मान डोलावली. मी बटण दाबलं. टक् टक्. टक् टक्. आई हात जोडून उभी. आणि आली की हो टेकडी! मी घाईघाईनं डब्याकडे गेले, तर पासवर्ड नाकारला. घड्याळ! पुन्हा वीस वर्षं मागे. शिव्या घालत तारीख लावली, दार उघडलं, शेवटचा फोल्डर धरला आणि डब्यात सोडला. हिरवी पट्टी हलली. थांबली. आतून कर्कश, करवत दगडावर घासावी तसा आवाज आला आणि सगळा पडदा निळा झाला, त्यावर पांढरी अक्षरं. त्यानंतर त्या कॉम्प्युटरनं पुन्हा डोळे उघडले नाहीत. भाऊ येऊन डिस्क चेन्नईला घेऊन गेला, तिथल्यांनीही हात टेकले.

पण हे नंतरचं. त्या दिवशी मी स्वतःची समजूत घालत होते. एवढी वर्षं आली, दीड महिनाच तर गेला. चार वाजता मी लॅपटॉप आईपुढे ठेवला, अप्पांची सगळी वर्षं उघडून दाखवली. म्हटलं, "बघ. कोणतं लावू?"

"ते इस्पितळांतून आल्यावरचें," आई म्हणाली.

"ते एक सोडून सांग."

"तेंच ऐकतें मी. दुसरें कोठे ऐकतें?"

चार वर्षं आई रोज तोच एक लहानसा फोल्डर फिरवून फिरवून ऐकत होती, आणि मी एकदाही विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "इतकी वर्षं आहेत की गं बाकीची."

"त्यांत ते बसबद्दल बोलतात, शाळेबद्दल बोलतात," ती म्हणाली. "माझ्याबद्दल कोठे? घरीं पडून राहिले तेव्हां मी दिसलें त्यांना. आणि तेव्हांसुद्धां मध्यें बोलायची सोय नव्हती मला. हात वर करायचे, रेकॉर्ड होतें आहे, गप्प बस. बोलून झालें कीं मीच येऊन बटण दाबायचें, त्यांचा हात चालत नव्हता."

म्हणून ती उत्तरं देत होती. बटण तिनं बंद केलं होतं, क्रम मी लावला होता. आता कोणी कोणाला बोलायचं? मी रडत रडत तेच म्हणाले. आईनं कापी घेतली, निवली होती तरी घेतली, आणि डबरा खाली ठेवून म्हणाली, "ह्यांत आवाज घेतां येतो कां?"

"कोणाचा?"

"लाव तर."

मी रेकॉर्डिंग लावलं. आईनं पदर सारखा केला, वार सांगितला, तिथी सांगितली, खाकरली, अगदी अप्पांसारखी, आणि बोलायला लागली. "आज उठून खिडकीपर्यंत गेलों. हिनें हात धरला. हिचा हात किती खरखरीत झाला आहे तें मला ठाऊक नव्हतें." आवाज तिचाच, पण थांबणं त्यांचं, दम खाणं त्यांचं. एक शब्द अडखळला नाही. आणि वाक्य संपताच आपल्या आवाजात, "भांडी कोण घांसतें मग? तुम्ही?"

मी रेकॉर्डिंग थांबवलं. "आई, फक्त त्यांचं बोल ना. तुझं मध्ये नको."

"कां नको?" ती चिडली. "अर्धेंच बोलणें ठेवायचें होय? चार वर्षें तेंही मी रोज बोललें आहे."

मी रेकॉर्डिंग पुन्हा सुरू केलं. मग मी रजा वाढवली, कचेरीत काय सांगितलं ते जाऊ दे. रोज चार वाजता एक दिवस. रिकाम्या राहिलेल्या त्या शेवटच्या फोल्डरमध्ये एकेक फाइल पडत गेली, दोघांची मिळून. कधी ती विसरायची, डोळे मिटून बसायची, मग हसायची आणि सुरू करायची. काही दिवस सुटलेही. मीठ आलं, डॉक्टर आला, भावाचा फोन आला नाही म्हणून अप्पांचं चिडणं आलं, तेव्हा भाऊ फोनवर ऐकत होता.

शेवटचा दिवस आला तेव्हा बाहेर अंधारून आलं होतं. आईनं वार सांगितला, तिथी सांगितली. खाकरली नाही. अगदी हळू आवाजात म्हणाली, "आज फार बोलवत नाहीं. ही दिवा लावायला गेली आहे. आली कीं बंद करील."

डब्याचे निळे दिवे लुकलुकत होते. मग आपल्या आवाजात म्हणाली, "आलें मी."

आणि तिनं बोट पुढं केलं, पण लॅपटॉपवर कोणतं बटण ते तिला सापडेना. मी तिचं बोट धरून त्या बटणावर ठेवलं.